नोंद नसलेल्या बाईचे भूत

भुताखेतांच्या सिनेमाकडे आम्ही संशयाने पाहतो आणि ते योग्यच आहे. ज्या समाजाच्या पिढ्यान् पिढ्या गंडेदोरे, अंगात येणे आणि उतारे यांत नासवल्या गेल्या, त्या समाजाने पडद्यावरच्या पांढऱ्या साडीला टाळ्या का वाजवाव्यात? तरीही ३० नोव्हेंबर २०१२ रोजी प्रदर्शित झालेल्या रीमा कागती यांच्या ‘तलाश’ या हिंदी चित्रपटाबद्दल आम्ही चार शब्द लिहिणार आहोत. कारण यातले भूत कोणाला घाबरवायला येत नाही. ते फिर्याद घेऊन येते!

कथा रीमा कागती आणि झोया अख्तर यांची. रात्रीची मुंबई. समुद्राकाठच्या मोकळ्या रस्त्यावर अरमान कपूर नावाच्या सिनेनटाची भरधाव गाडी अचानक वळते आणि पाण्यात कोसळते. समोर कोणी नाही, ब्रेक ठीक, दारू नाही. मग गाडी वळली का? तपास येतो इन्स्पेक्टर सुर्जनसिंह शेखावतकडे. ही भूमिका आमिर खानने केली आहे आणि नेहमीचा हिरोपणा बाजूला ठेवून केली आहे. तपासाचा धागा लाल बत्तीच्या वस्तीत जातो. तिथे सुर्जनला भेटते रोझी (करीना कपूर). ती खबर देते, वाट दाखवते आणि दर वेळी नाहीशी होते. शेवटी कळते की ही बाई तीन वर्षांपूर्वीच मेलेली आहे. रहस्य फोडले म्हणून वाचकांनी रागावू नये. चित्रपट २०१२ चा आहे आणि रहस्यापेक्षा मोठी गोष्ट त्यात आहे.

ती गोष्ट म्हणजे दुःख. सुर्जनचा आठ वर्षांचा मुलगा करण सुट्टीत बोटीतून पाण्यात बुडून गेला आहे. बाप तेव्हा जवळच होता. त्या दिवसापासून या माणसाला झोप नाही. रात्ररात्र गाडी घेऊन तो शहरभर फिरतो आणि मनातल्या मनात तो एकच दिवस पुन्हा पुन्हा उलगडतो. मी त्याला जाऊ दिले नसते तर? मी सोबत गेलो असतो तर? ज्या घरात लेकरू गेले आहे त्या घरातल्या माणसाला हे प्रश्न समजावून सांगावे लागत नाहीत. आमच्या मते सबंध चित्रपटात सर्वांत खरे काय असेल तर हे. तपास थोडा ढिला आहे, मधला भाग रेंगाळतो, पण हा बाप खोटा वाटत नाही.

आणि ती आई, रोशनी! राणी मुखर्जीने ही भूमिका फार संयमाने केली आहे. नवरा बोलत नाही, रडत नाही, घरी थांबत नाही. एका घरात दोन माणसे आणि दोघांचे दुःख वेगळ्या खोल्यांत कोंडलेले. अशा वेळी शेजारची फ्रेनी (शेरनाझ पटेल) सांगते की करणला आईशी बोलायचे आहे. रोशनी तिच्याकडे जाऊ लागते. सुर्जनला कळते तेव्हा तो खवळतो.

येथे आमचे चित्रपटाशी पटत नाही. मेलेल्या मुलाचा निरोप आणणारी बाई खरी आहे, असे चित्रपट अखेरीस मान्य करून टाकतो. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे हाडे झिजवली. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर सरकारला जाग आली आणि आधी वटहुकूम, मग डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या सिनेमाने परलोकाच्या टपालावर शिक्का मारावा, हे आम्हाला खटकते. पण रोशनी तिथे का जाते, हे समजून न घेता नुसते ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळे होणे हाही कोरडेपणाच. तिचे ऐकायला दुसरे कोणी नव्हते म्हणून ती गेली. तथागतांकडे मेलेले मूल कवटाळून किसा गोतमी आली, तेव्हा त्यांनी तिला मुलाचा निरोप आणून दिला नाही आणि हाकलूनही दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातली मूठभर मोहरी आण म्हणाले. ती दारोदार फिरली, लोकांशी बोलली. सुर्जनही फिरतो, पण बंद काचेच्या गाडीत, एकटा. फरक आहे तो इथे.

आता रोझीकडे येऊ. आम्ही वकिली करतो, त्यामुळे आमचे लक्ष भुतावर नव्हते, कागदावर होते. तीन वर्षांपूर्वी अरमान आणि त्याचे दोन मित्र रोझीला गाडीत घेऊन निघतात. चालत्या गाडीतून एक मित्र आणि ती बाहेर फेकली जातात. उरलेले दोघे मित्राला उचलतात आणि तिला तडफडत रस्त्यावर सोडून निघून जातात. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते की अपघातातल्या जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे वाहनचालकाचे कर्तव्य आहे. मदत मिळाली, पण माणूस पाहून मिळाली!

नट मेला तेव्हा काय काय झाले ते पाहा. क्रेन आली, पाणबुडे उतरले, पंचनामा झाला, वरिष्ठांचे फोन, पत्रकारांची गर्दी. अकस्मात मृत्यूची खबर मिळाली की पोलिसांनी प्रेताचा पंचनामा करायचा, हा फौजदारी प्रक्रिया संहितेचा कलम १७४ चा नियम. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तो आहेच. पण ती खबर मिळाली पाहिजे. रोझीची खबर कोण देणार? दलाल देणार नाही, त्याला तिच्या मरणातून पैसे काढायचे आहेत. हॉटेलच्या कॅमेऱ्यात आलेले चित्रण घेऊन तो नटाकडून पैसे उकळतो. वस्तीतल्या बाया पोलीस ठाण्याची पायरी चढायला भितात. म्हणजे एका बाईचा मृत्यू तीन वर्षे धंद्याचे भांडवल झाला, पण स्टेशन डायरीत त्याची एक ओळ नाही.

आपल्या पुरावा कायद्यात एक जुने गृहीतक आहे. एखादा माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, अशांना सात वर्षे त्याची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. हे वाक्य आम्ही कोर्टात अनेकदा वाचले आहे. त्यातली मेख अशी की, प्रत्येकाच्या मागे खबर ठेवणारे कोणीतरी आहे असे कायदा धरून चालतो. घर सुटलेली, नाव बदललेली, विकली गेलेली बाई या कलमात बसवायची कुठे? मुंबईच्या या वस्त्यांत देवाच्या नावाने सोडलेल्या आमच्याच आयाबहिणी पिढ्यान् पिढ्या येऊन पडल्या. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्यांपुढे भाषण केले होते, ते उगाच नव्हे. चित्रपट रोझीची जात विचारत नाही, गाव विचारत नाही. हिंदी सिनेमाला ती सवयच आहे. असो.

चित्रपट कल्पित असला तरी कोर्टाच्या दप्तरात त्याचे सख्खे भावंड आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये कोलकात्याच्या लाल बत्ती भागात एका बाईचे डोके आपटून आपटून तिचा जीव घेण्यात आला. बुद्धदेव कर्मास्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य हे ते प्रकरण. फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचे अपील फेटाळून जन्मठेप कायम केली आणि तिथेच न थांबता देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या पुनर्वसनाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. या स्त्रियांनाही घटनेच्या अनुच्छेद २१ खाली सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे १९ मे २०२२ रोजी पोलिसांनी त्यांच्याशी माणुसकीने वागावे, अत्याचार झाल्यास इतर कोणत्याही पीडितेइतकीच मदत द्यावी, रहिवासाचा पुरावा नसला तरी आधार कार्ड द्यावे, असे निर्देश दिले. म्हणजे आधी माणूस म्हणून नोंद! १९५० साली ज्या देशाची घटना अमलात आली, त्या देशात हे २०२२ साली सांगावे लागले.

म्हणून रोझीचे भूत आम्हाला अंधश्रद्धा वाटत नाही. ज्या बाईची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदली गेली नाही ती बाई स्वतःच फिर्यादी होऊन रस्त्यावर उभी राहते, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावतो. आणि ती दिसते कोणाला? वस्तीत हप्ता गोळा करणाऱ्या हवालदाराला नाही, तर स्वतःचे लेकरू गमावलेल्या, झोप उडालेल्या माणसाला. ज्याच्या घरात मरण आले आहे त्यालाच दुसऱ्याच्या मरणाचा आवाज ऐकू येतो, हे दिग्दर्शिकेने न बोलता दाखवले आहे.

वकील म्हणून मात्र आमची एक मोठी तक्रार आहे. सुर्जनच्या हाती चित्रणाची सीडी होती. संजय नावाचा जिवंत आरोपी गाडीत शेजारी बसला होता. खटला उभा राहू शकत होता! बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत रोझीच्या चारित्र्यावर चिखल उडवला असता, तोही आम्हाला ऐकायचा होता. कारण या बायांच्या प्रकरणात खरी लढाई तिथे होते. पण लेखिकांनी गाडी पुन्हा त्याच वळणावर पाण्यात घातली. रोझी सुर्जनला वाचवते आणि संजय बुडतो. प्रेक्षकाला हायसे वाटते. निकालपत्र मात्र लिहिले जात नाही.

त्यानंतर सुर्जन पाण्याकाठच्या त्या जागी जातो जिथे रोझी त्याला घेऊन आली होती. फावड्याने जमीन उकरतो, तिचे अवशेष बाहेर काढतो, तिचा अंत्यविधी करतो. ज्याला स्वतःच्या मुलासाठी रडता आले नव्हते, तो इथे पहिल्यांदा सैल होतो आणि मग फ्रेनीकडून आलेले मुलाचे पत्र उघडून वाचतो. प्रसंग हेलावून टाकणारा आहे, आम्हीही हललो. फक्त, पुरलेले प्रेत उकरायचे तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, पंच लागतात, हे त्या इन्स्पेक्टरला आमच्याहून चांगले ठाऊक होते. पडद्यावर तरी रोझीच्या हाडांचा पंचनामा झालेला दिसत नाही.