नवा कॉम्प्युटर घरी आला, आता बॅकअप कुठे ठेवाल?

दहावी-बारावीचे निकाल लागले की जून-जुलैत पुष्कळ घरांत नवा कॉम्प्युटर येतो. कुणी मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतो, कुणी मुलीच्या डी.फार्म.साठी, तर कुणी घरबसल्या घेतलेल्या शिवणाच्या ऑर्डरींचा हिशेब ठेवायला. आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून पालक आम्हाला वर्षभर विचारत असतात. लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप? रॅम किती हवी? कोणत्या कंपनीचा चांगला? आत जे साठत जाणार आहे ते सांभाळायचे कसे, हा प्रश्न मात्र कॉम्प्युटर बंद पडल्यावरच विचारला जातो. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

म्हणून या वेळी नवा कॉम्प्युटर सुरू करतानाच बॅकअपची सोय कशी लावावी, ते पाहू. यात इंजिनिअर लागत नाही. घरातल्या एका-दोघांनी रविवारची दुपार दिली तरी काम होते.

खरी किंमत कशाची?

कॉम्प्युटर बिघडला तर दुसरा विकत मिळतो. त्यातला मजकूर विकत मिळत नाही. पण मजकुराचेही दोन प्रकार आहेत. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, सातबारा हे कागद हरवले तर हेलपाटे पडतात, पैसे जातात, पण ते पुन्हा काढता येतात. सरकारी खात्यांनी डिजीलॉकरमध्ये थेट दिलेले कागद तर तिथेच पुन्हा सापडतात. मात्र आपण स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद ही फक्त आपली प्रत असते, हे लक्षात ठेवावे.

दुसरा प्रकार पुन्हा न मिळणारा. मरहूम अब्बांच्या आवाजातले रेकॉर्डिंग, दादा-दादींचे हजचे फोटो, नानांनी उर्दूत लिहिलेल्या पत्रांचे स्कॅन, बहिणीच्या निकाहाचा व्हिडिओ. यांची दुसरी प्रत कोणत्याही कचेरीत नसते. बॅकअपची आखणी या दुसऱ्या यादीपासून सुरू करावी. घरच्यांनी एकत्र बसून ती कागदावर लिहून काढावी. अम्मी आणि दादींना जरूर विचारावे, कारण कोणता फोटो जपण्याजोगा आहे हे त्यांना मुलांपेक्षा जास्त ठाऊक असते.

याच यादीत लग्नाच्या जुन्या सीडी आणि डीव्हीडीही घ्याव्यात. नव्या कॉम्प्युटरला बहुधा सीडी लावायची सोयच नसते. जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर, किंवा बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणून, त्या उतरवून घ्याव्यात. जुन्या तबकड्यांवर ओरखडे पडतात, बुरशी येते. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.

पहिल्या दिवशी काय करावे?

कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू केला की विंडोज एक खाते मागते. पुष्कळ घरांत दुकानातला मुलगा स्वतःच एखादा ईमेल बनवून ते खाते उघडून देतो. पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. हे टाळावे. घरातल्या दोन मोठ्या माणसांना ठाऊक असलेल्या ईमेलवरच खाते उघडावे आणि मोबाइल नंबरही घरातलाच द्यावा.

यामागे एक मोठे कारण आहे. विंडोज ११ च्या अनेक नव्या कॉम्प्युटरांत, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की आतल्या डिस्कला आपोआप कुलूप लागते. चोराच्या हाती डिस्क गेली तरी त्याला काही वाचता येत नाही, हा त्याचा फायदा. पण दुरुस्तीनंतर कधीकधी विंडोज ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली त्या खात्यात ठेवलेली असते. खातेच कुणाचे ते माहीत नसेल तर आपलेच फोटो आपल्याला मिळत नाहीत. पहिल्याच दिवशी ही किल्ली खात्यात पाहून वहीत उतरवून घ्यावी.

त्यानंतर सगळे अपडेट होऊ द्यावेत. जुना कॉम्प्युटर विकत घेतला असेल तर त्यात विंडोज १० आहे का ते बघावे. त्याला सुरक्षा अपडेट देण्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. मुलांसाठी वेगळे साधे खाते बनवावे, म्हणजे गेमबरोबर भलतेसलते प्रोग्राम चढणार नाहीत.

आपल्या घरांसाठी आणखी एक काम आहे, भाषेचे. सेटिंगमध्ये जाऊन मराठी आणि उर्दू दोन्ही भाषा जोडाव्यात. उर्दू जोडली की नस्तालीक वळणाचा 'उर्दू टाइपसेटिंग' हा फॉन्टही मिळतो. याचा बॅकअपशी जवळचा संबंध आहे. इनपेजमध्ये टाइप केलेली उर्दू फाइल इनपेज नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. जुन्या मराठी फॉन्टांतला मजकूर तो फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो. फाइल जपली, पण वाचता येत नाही, अशी स्थिती होते. म्हणून वडिलांच्या नज्मा असोत की मशिदीच्या जमातीचे जुने ठराव, अशा प्रत्येक फाइलची एक पीडीएफ प्रत काढून ठेवावी आणि नवे टायपिंग युनिकोडमध्येच करावे.

तीन रस्ते

आता बॅकअप. मोबाइलचा एक फोटो साधारण ४ एमबीचा धरला तर १ टीबीच्या डिस्कवर सुमारे अडीच लाख फोटो मावतात. गुगलच्या मोफत १५ जीबीत सुमारे पावणेचार हजार मावतात, आणि त्या जागेत ईमेलही धरलेले असते. हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून रस्ता निवडावा.

पहिला रस्ता बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कचा. एकदाच खर्च, इंटरनेट लागत नाही. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' नावाची सोय आहे. डिस्क जोडून ती एकदा चालू केली की बदललेल्या फाइलींच्या प्रती आपोआप होतात. अगोदरची प्रतही राहते, म्हणून प्रोजेक्टची फाइल चुकून बिघडवली तरी कालची मिळते. पण डिस्क सतत जोडून ठेवू नये. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर त्याने अडकवले. असा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. आठवड्यातून एकदा डिस्क जोडावी, प्रत झाली की काढून कपाटात ठेवावी. पेन ड्राइव्ह फक्त ने-आण करण्यासाठी वापरावा. लहान वस्तू हरवते आणि अचानक बंदही पडते.

दुसरा रस्ता इंटरनेटवरच्या साठ्याचा, म्हणजे गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह वगैरे. घरात काही झाले तरी प्रत दूर सुरक्षित राहते, हा त्याचा मोठा गुण. मात्र इथे एक गैरसमज आहे. या सेवा मुख्यतः दोन जागा सारख्या ठेवतात. कॉम्प्युटरवरच्या त्या फोल्डरमधून फाइल पुसली की तिथूनही पुसली जाते. कचरापेटीत ती साधारण ३० दिवस राहते, मग कायमची जाते. मोबाइलची जागा मोकळी करायची म्हणून गुगल फोटोज्‌मधून फोटो पुसणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण तिथे पुसलेला फोटो मोबाइल आणि खाते दोन्हीकडून जातो. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा आपोआप वनड्राइव्हला जोडले जातात. तिथली मोफत जागा ५ जीबीच आहे. ती भरली की नव्या फाइली वर जाणे थांबते आणि सूचनेकडे कुणी बघत नाही.

तिसरा रस्ता सगळ्यात स्वस्त, आणि आपल्या कुटुंबांना सहज जमणारा. दुसरी हार्ड डिस्क घ्यावी आणि ती दुसऱ्या घरी ठेवावी. बहिणीच्या सासरी, चाचांकडे, दुसऱ्या गावातल्या भावाकडे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घरांत आणि दुकानांत शिरले. अशा पुरात कॉम्प्युटर आणि शेजारच्या कपाटातली डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात जातात. चोरी आणि आग यांचेही तसेच. तळमजल्यावर किंवा नदीकाठी राहणाऱ्यांनी तरी एक प्रत घराबाहेर ठेवलीच पाहिजे.

दुसऱ्याच्या घरी डिस्क ठेवायची म्हणजे घरातल्या बायका-मुलींचे फोटो परक्या हातात जातील, ही काळजी रास्त आहे. त्यावर उपाय आहे. 'वेराक्रिप्ट' हा मोफत प्रोग्राम डिस्कला पासवर्डचे कुलूप लावतो. कुलूप असले की ती डिस्क कुणाच्याही कपाटात राहू शकते. याच कारणासाठी जुना कॉम्प्युटर विकताना किंवा भंगारात देताना आतली हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी. फाइली नुसत्या पुसल्या तरी जाणकार माणूस त्या परत काढू शकतो.

आमच्या मते घराला पुरेल असा मेळ असा आहे: मूळ प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी कपाटातल्या डिस्कवर, तिसरी नातेवाइकाच्या घरच्या डिस्कवर. म्हणजे तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. इंटरनेटवरच्या मोफत जागेत फक्त महत्त्वाचे कागद आणि निवडक फोटो ठेवावेत. नातेवाइकाकडची डिस्क आम्ही दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत आणून ताजी करतो. जाणे-येणे तेव्हा होतेच, वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

बॅकअप आहे, पण उघडतो का?

इथे एक प्रसिद्ध हकिकत सांगण्याजोगी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू होते. कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट घेतलाच जात नव्हता हे तेव्हा उघड झाले. चित्रपट वाचला तो गॅलिन सस्मन या तंत्रज्ञ बाईंमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक प्रत ठेवली होती.

एवढ्या मोठ्या कंपनीतही रोज घेतला जाणारा बॅकअप कुणी उघडून पाहिला नव्हता. आपल्या घरांत तर ही शक्यता जास्त. म्हणून दर तीन महिन्यांनी एक परीक्षा घ्यावी. डिस्क जोडावी, यादीतली कोणतीही एक फाइल त्यातून काढावी आणि उघडून बघावी. फोटो दिसला, आवाज ऐकू आला, उर्दू मजकूर वाचता आला, तर पास.

ही परीक्षा बॅकअप लावणाऱ्या मुलाने द्यायची नाही. पुष्कळ घरांत सगळे पासवर्ड थोरल्या मुलाच्या डोक्यात असतात. तो नोकरीला पुण्याला किंवा आखातात गेला की घरात कुणालाच काही उघडता येत नाही. अम्मीने, भाभीने किंवा धाकट्या बहिणीने फाइल काढून दाखवावी. त्यांना जमले नाही तर दोष त्यांचा नाही, सोय अजून पुरी झालेली नाही इतकेच.

यासाठी एक वही करावी. कोणती डिस्क कुठे आहे, कोणते खाते कोणाच्या नावावर आहे, पासवर्ड काय, ती ४८ अंकी किल्ली कोणती, हे साध्या मराठीत किंवा उर्दूत लिहावे. वही कॉम्प्युटरच्या टेबलावर न ठेवता रेशनकार्ड आणि घराचे कागद असतात त्या पेटीत ठेवावी. घरातल्या दोघांना ती जागा माहीत असावी.

माणूस गेल्यावरचा प्रश्नही टाळू नये. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल पुसून टाकू शकते. वडिलांच्या मोबाइलवरचे वर्षानुवर्षांचे फोटो त्यांच्या खात्याबरोबर जाऊ शकतात. गुगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खाते काही महिने वापरात नसेल तर त्यातला मजकूर कोणाला द्यायचा, हे आपण हयातीतच ठरवून ठेवू शकतो. वसीयतीचा कागद करणाऱ्यांनी हेही त्याच दिवशी करून टाकावे.

नव्या कॉम्प्युटरबरोबर पुष्कळ जण स्पीकर घेतात, कव्हर घेतात. त्याच खरेदीत दोन हार्ड डिस्क आणि एक वही घ्या. कॉम्प्युटर जुना होईल, बदलावा लागेल. दादींचा आवाज नव्या कॉम्प्युटरवरही ऐकू यावा, एवढे या दोन डिस्क नक्की करतील.