शाळा सुटल्यानंतरचे चार तास

जून महिना आला की नव्या दप्तरांबरोबर घरोघरी ‘क्लास’चा विषय निघतो. शिकवणी, अबॅकस, चित्रकला, तबला, कराटे. तालुक्याच्या गावीही आता कशाची वाण राहिलेली नाही. ‘डॉक्टर, पोराला कोणत्या क्लासला घालू?’ असे पालक मला दवाखान्यात विचारतात. हा प्रश्न वरवर वैद्यकीय वाटत नाही. पण संध्याकाळी पोट दुखते, डोके दुखते म्हणून आणलेल्या काही मुलांच्या तपासण्यांत काहीच निघत नाही आणि रविवारी दुखणेही नसते. अशा वेळी मी त्यांचे दिवसाचे वेळापत्रक विचारतो. (वजन घटणे, ताप, उलट्या किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, तर मात्र क्लासला दोष देत बसू नये, मुलाला लगेच डॉक्टरांना दाखवावे.)

क्लास निवडण्यापूर्वी वेळेचा हिशेब मांडावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी साडेसहाला उठायचे, तर रात्री साडेनऊला अंथरुणावर पडायलाच हवे. शाळा सुटून मूल साडेपाचला घरी येते. हाती राहतात चार तास. हातपाय धुणे, खाणे यांत अर्धा तास, खेळ एक तास, अभ्यास एक तास, जेवण आणि घरच्यांशी गप्पा एक तास. शिल्लक उरतो अर्धा तास! एवढ्यात दोन-दोन क्लास बसवले, तर कात्री खेळाला आणि झोपेला लागते.

खेळ ही चैन नव्हे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. शिवाय जी मुले दिवसाउजेडी घराबाहेर अधिक वेळ असतात, त्यांना लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी असते. म्हणूनच एकच क्लास लावायचा असेल, तर पहिली पसंती मी खो-खो, कबड्डी, मल्लखांब अशा मैदानी वर्गाला देतो. त्यात खेळाचा तासही भागतो. चित्रकला किंवा गाण्याची आवड असेल, तर आठवड्यातून दोन-तीन दिवसांचा वर्ग पुरे.

नाव घालण्यापूर्वी स्वतः जाऊन पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) शौचालय व पिण्याचे पाणी. सोय नसली की मुले, विशेषतः मुली, पाणी पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग व बद्धकोष्ठता होते.

२) शिकवणारी व्यक्ती. मूल चुकल्यावर ती काय करते, हे अर्धा तास बसून पाहावे. मार, टोमणे, सर्वांसमोर तुलना दिसल्यास तेथून परतावे. पालकांना बसूच न देणारा वर्ग टाळावा.

३) सुरक्षितता. मल्लखांबाखाली गादी आहे का? प्रथमोपचाराची पेटी आहे का? मुलाला न्यायला कोण येणार, याची नोंद होते का? बंद खोलीत एकट्या मुलाला थांबवून घेण्याची पद्धत नसावी. कोणी नकोसा स्पर्श केला, तर घरी सांगायचे, हे मुलाला आधीच समजावून ठेवावे.

४) अंतर. तासाभराच्या वर्गासाठी तासभर रिक्षात खेटून बसणे परवडणारे नाही.

५) खाणे. शाळेतून परस्पर क्लासला जाणाऱ्या मुलाच्या डब्यात शेंगदाणे-गूळ, केळे किंवा पोळीची गुंडाळी द्यावी. रोज वडापावासाठी पैसे देऊ नयेत.

मुलगी वयात आली की पुष्कळ घरांत तिचा खेळ बंद होतो आणि शिकवणी वाढते. पाळीमुळे खेळ सोडण्याचे काहीही कारण नाही. उलट हाडे बळकट होण्याचे हेच वय असते.

आईवडील दोघेही कामावर असतील, तर क्लास म्हणजे मूल सांभाळण्याची सोयही असते. त्यात गैर नाही. मात्र तेव्हा एकामागून एक वर्ग लावण्यापेक्षा आजीकडे, विश्वासू शेजाऱ्यांकडे किंवा चांगल्या पाळणाघरात दोन तास मोकळे गेलेले बरे.

फी शक्यतो एका महिन्याचीच भरावी. महिन्याने मुलाची झोप, भूक आणि क्लासला निघतानाचा चेहरा पाहावा. चार दिवसांचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, त्याला समजूत घालावी. पण रोज निघायच्या वेळी पोट दुखू लागले, तर औषध मागण्याआधी क्लास थांबवून पाहावा आणि तिथे काय घडते, हे मुलाला शांतपणे विचारावे.