इंद्रायणीत सोडलेली खते

भार देवावर टाकावा, मन शांत ठेवावे, असे आपण एकमेकांस सहज सांगतो. पण घरात अन्नाची ददात असता तो भार टाकावयाचा कसा? हा प्रश्न आला की मला देहूचे तुकोबा आठवतात.

1630 च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. तुकोबांची थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला, दुकान बुडाले. ते भामनाथाच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधीत आले. तेव्हा वडिलार्जित सावकारीची खते मागवून तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले, असे चरित्रकार सांगतात. एक कान्होबांना दिला. आपला इंद्रायणीत सोडला.

श्रोतेहो, ही खते देण्याची नव्हती, येण्याची होती. ऋणको त्याच दुष्काळात होरपळलेले शेजारी. खते घरात असती, तर तुकोबा डोंगरावर बसले तरी मन वसुलीच्या दाराशी उभे राहिले असते. देवावर विश्वास म्हणजे त्यांच्या लेखी आधी हा हक्क सोडणे. मात्र भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही; आपले वैराग्य दुसऱ्याच्या संसारावर लादले नाही.

धाकट्या पत्नी जिजाईंना ही शांती कितपत परवडली, हे मात्र विचारल्यावाचून राहवत नाही. पुढे तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणात बसू लागले. त्यांची भाकरी घेऊन, परंपरा सांगते, जिजाई तो डोंगर चढत असत.