जखमेतून घाण वासाचा पू, तरी रिपोर्टमध्ये ‘जंतू नाहीत’? कारण समजून घ्या

गंजका खिळा पायात खोल घुसला किंवा शुगरच्या पेशंटच्या पायाची जखम चिघळली, की पू येतो, घाण वास सुटतो. डॉक्टर पू ‘कल्चर’ला पाठवतात. कधी रिपोर्ट येतो, ‘जंतूंची वाढ नाही’. म्हणजे जंतू नाहीतच, असं समजू नका.

हे जंतू वेगळे कसे?
काही जंतूंना ऑक्सिजन सोसत नाही. डॉक्टर त्यांना ‘अ‍ॅनारोबिक’ म्हणतात. ते मातीत, शेणात, आपल्या तोंडात आणि आतड्यातही असतात. खोल, बंद जखमेत ते फोफावतात. गॅस गँगरीन आणि धनुर्वात यांच्यामुळेच होतो. साध्या कल्चरमध्ये नमुना हवेतच वाढवतात, त्यामुळे तिथे हे जंतू उगवतच नाहीत.

नमुना कसा घेतात?
वरवर कापसाची काडी फिरवून भागत नाही. सिरिंजने आतला पू ओढतात किंवा मांसाचा छोटा तुकडा घेतात. तो खास बाटलीत, हवा न लागू देता लवकर लॅबला द्यायचा असतो. नमुना तुमच्या हाती दिला, तर फ्रीजमध्ये ठेवू नका. ही सोय प्रत्येक लॅबमध्ये नसते, आधी विचारून घ्या.

रिपोर्टला उशीर का?
लॅबमध्ये ऑक्सिजन काढलेल्या हवाबंद डब्यात, 37 अंशांवर नमुना साधारण 48 तास न उघडता ठेवतात. पक्का रिपोर्ट यायला 5 ते 7 दिवस लागू शकतात. तोवर उपचार थांबत नाहीत. जखम साफ करणं, सडलेला भाग काढणं आणि औषधं लगेच सुरू होतात.

हे लक्षात ठेवा
- मेडिकलमधून आधीच अँटिबायोटिक घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यामुळेही जंतू उगवत नाहीत.
- जखमेभोवती असह्य दुखणं, कातडी काळी-जांभळी पडणं, दाबल्यावर कुरकुर जाणवणं, ही गॅस गँगरीनची लक्षणं असू शकतात. रिपोर्टची वाट न पाहता तातडीने मोठ्या दवाखान्यात जा.
- धनुर्वात लक्षणांवरूनच ओळखतात. जबडा आखडला तर एक मिनिटही घालवू नका. आणि मातीत जखम झाली की जखम धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, ते डॉक्टर सांगतील.