उधारीवर जगणारी बुरशी

अमळनेरच्या माणसाला तेलातुपाचे महत्त्व सांगावे लागत नाही. १९४५ साली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी इथे वनस्पती तुपासाठी उभी राहिली. पुढे तिचीच ‘विप्रो’ झाली. आमच्या घरात तर प्रत्येक दुखण्यावर पहिला उतारा तेलाचाच. परवा नातवाच्या डोक्यात कोंडा दिसला आणि आमच्या सौभाग्यवती तेलाची वाटी घेऊन बसल्या. त्वचारोगतज्ज्ञ मात्र म्हणाले, ‘‘आजी, ती वाटी आधी बाजूला ठेवा.’’

कारण ऐकून मी चकित झालो. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची यीस्टच्या जातीतली सूक्ष्म बुरशी असते. छाती-पाठीवरची शिबे हीही तिचीच करणी. एरवी ती बहुतेकांच्या त्वचेवर निमूट राहते. प्रत्येक पेशीला आपले आवरण बांधायला स्निग्धाम्ले लागतात, आणि बहुतेक यीस्ट ती स्वतः साखरेपासून बनवतात. २००७ साली या बुरशीच्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा स्निग्धाम्ले बनवणारे मुख्य जनुकच त्यात सापडले नाही! चरबी फोडणाऱ्या लायपेज विकरांची जनुके मात्र भरपूर.

बँकेत आयुष्य गेल्याने मला हा व्यवहार लगेच कळला. स्वतःचे भांडवल नाही, सगळा संसार दुसऱ्याच्या खात्यावर! आपल्या त्वचेवरचे तेल ती फोडते, हवे ते उचलते, उरलेली आम्ले तिथेच टाकते. काहींची त्वचा त्यांनी चिडते, खाज सुटते, पापुद्रे निघतात.

एवढ्यावर भागले असते तर हसून सोडून दिले असते. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शिरेतून स्निग्ध द्रव द्यावा लागतो, तेव्हा हीच बुरशी रक्तात शिरल्याच्या नोंदी १९८०च्या दशकापासून आहेत. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत ती सहजी वाढत नाही; प्रयोगशाळेत तिच्यापुढे ऑलिव्ह तेल ठेवावे लागते. तिची ही खोड वेळेवर आठवणे म्हणजे एखाद्या तान्ह्याचा जीव.

औषधाचा नेमही स्निग्धावरच. बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असते, आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल. कीटोकोनाझोल अर्गोस्टेरॉल बनवणारे विकर अडवते, म्हणून बुरशी खचते. नातवाला त्याच औषधाचा शांपू मिळाला.

वाटी कपाटात गेली. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, ‘‘म्हणजे इतकी वर्षं मी बुरशीलाच जेवू घातलं की काय!’’