निपाणीच्या शाळेतला आरोग्याचा धडा

प्राथमिक शाळेत आरोग्याचा धडा हात धुण्यापासून आणि नखं कापण्यापासून सुरू होतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणी भागात तो तंबाखूपासून सुरू व्हायला हवा. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथला महामार्ग अडवला, तो तंबाखूच्या भावासाठीच. या पिकावर इथली कितीतरी घरं चालली.

विडी वळणाऱ्या आईच्या मांडीवर सूप असतं. भिजवून कापलेल्या तेंदूच्या पानात ती चिमूटभर जर्दा भरते, पान वळते, दोरा बांधते. शेजारीच पोर गृहपाठ करत बसतं. आजी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजते आणि त्या मिश्रीने दात घासते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यापर्यंत तो कायदा पोचत नाही.

१३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत, धूर न काढता तंबाखू वापरून पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी सुरुवात दहा वर्षांची होण्याआधीच केली होती. म्हणजे आठवीत व्याख्यान देऊन उपयोग नाही. तिसरी-चौथीतच बोलायला हवं.

पण सडलेल्या तोंडाची चित्रं दाखवून नव्हे. ज्या कामावर घर चालतं त्याची लाज वाटू लागलेलं पोर घरी काहीच सांगत नाही. काम वेगळं आणि सवय वेगळी, हे आधी स्पष्ट करावं. मग कारणं सांगावीत. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात शिरतं, म्हणून शेतात मळमळतं, चक्कर येते. मिश्रीतलं निकोटिन हिरड्यांतून शिरतं. दात दुखायचा थांबला असं वाटतं, कीड तशीच राहते. विडीचं काम संपलं की हात धुऊनच बाळाला घ्यावं, सूप पाळण्यापासून लांब ठेवावं. एवढं तिसरीतलं मूल सहज समजून घेतं आणि घरी सांगतंही. सीमाभागात आरोग्याच्या धड्याला आणखी एक अडचण आहे. घरात मराठी, सरकारी दवाखान्याची पाटी कन्नड. ताप, लस, औषध हे शब्द मराठी शाळेतल्या मुलांना दोन्ही भाषांत वाचता यायला हवेत.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने मनाई आहे. मुलांना ते अंतर टेपने मोजायला लावा. आणि शिक्षकांनो, तंबाखूच्या वेष्टनावर छापलेला १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक फळ्यावर लिहा, मुलांच्या वहीत उतरवून घ्या. घरातलं कुणी सोडायला तयार झालं, तर फोन लावायला तो हाताशी असेल.