सुगंध आणि जिव्हालौल्य

दुपारचें जेवण होऊन दोन-तीन तास लोटलेले असतात. पोट रिकामें नसतें. इतक्यांत शेजारच्या घरांतून भजीं तळल्याचा वास येतो आणि तोंडाला पाणी सुटतें. ही पोटाची भूक नव्हे. हें जिव्हालौल्य होय. भूक भाजी-भाकरीनेंही भागते. जिव्हालौल्य मात्र एकाच पदार्थाचा हट्ट धरून बसतें. मधुमेहामुळें ज्यांस गोडधोड आवरतें घ्यावें लागलें आहे, त्यांच्या घरीं हा झगडा नित्याचाच असतो. जो वास हा हट्ट जागा करतो, त्याच वासाच्या साहाय्यानें तो शमवितां येईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं अलीकडे हातीं घेतला आहे.

वासाचें सामर्थ्य कोठून येतें, हें प्रथम पाहणें इष्ट होय. गंध ओळखणाऱ्या ग्राहकांचा शोध रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक या अमेरिकन संशोधकांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला, व त्याबद्दल त्यांस २००४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या नाकांत अशा ग्राहकांचे सुमारें ४०० प्रकार असतात. मेंदूच्या ज्या भागांत स्मृति व भावना यांचें काम चालतें, तेथें त्यांचा संदेश फार जवळच्या वाटेनें पोंचतो. म्हणूनच बेसन भाजल्याच्या वासाबरोबर दिवाळी आठवते, आणि दिवाळीबरोबर लाडू. शरीरही तत्काळ तयारीस लागतें. अन्न पोटांत उतरण्यापूर्वींच पाचकरस स्रवूं लागतात, हें रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनीं दाखवून दिलें. पचनक्रियेवरील कार्याबद्दल त्यांस १९०४ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

परंतु वासाचा परिणाम सर्वकाळ सारखा राहत नाहीं. घाण्यामागून घाणे चकल्या तळून उठलेल्या गृहिणीस स्वतः चकली खावीशी वाटत नाहीं. वासानेंच पोट भरलें, असें ती म्हणते. यांत बरेंच तथ्य आहे. अमेरिकेंतील दीपायन बिस्वास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बिस्किटांचा वास अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ आला असतां लोकांचा ओढा तशाच पदार्थांकडे वाढला. तोच वास दोन मिनिटांहून अधिक काळ दरवळत राहिला असतां तो ओढा कमी झाला. मनास जें सुख खाण्यांतून हवें होतें, तें कांहीं अंशीं नाकावाटेंच मिळालें, असा त्याचा उलगडा करण्यांत येतो. तथापि ही तृप्ति बहुतांशीं त्या एका पदार्थापुरतीच असते. एडमंड रोल्स यांच्या १९९७ मधील प्रयोगांतही, एखादा पदार्थ न खातां नुसता हुंगत राहिल्यास त्याच पदार्थाच्या वासाची गोडी उतरते, असें आढळलें. चकलीच्या वासानें चकलीचा कंटाळा येईल. श्रीखंडाचा येईलच असें नाहीं.

दुसरा मार्ग अन्नाशीं संबंध नसलेल्या सुगंधाचा. ऑस्ट्रेलियांतील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या इव्हा केम्प्स व मारिका टिगमन यांनीं २०१२ सालीं कांहीं तरुण स्त्रियांस चॉकलेटचीं चित्रें दाखविलीं आणि कोणास चमेलीचा, कोणास हिरव्या सफरचंदाचा वास दिला, तर कोणास नुसतें पाणी हुंगावयास दिलें. चमेलीच्या वासानें चॉकलेटची इच्छा सर्वांत अधिक उतरली. जिव्हालौल्य हें मुख्यतः कल्पनाचित्रांवर पोसतें: पदार्थ डोळ्यांपुढें दिसतो, त्याचा वास मनांत दरवळतो. खरा सुगंध नाकांत शिरला कीं त्या काल्पनिक वासास मनांत जागा अपुरी पडते, असें हे संशोधक मानतात.

एवढ्यावरून सुगंधानें वजन उतरतें असें मात्र सिद्ध होत नाहीं. सुगंधोपचारास ‘अरोमाथेरपी’ हें नांव फ्रेंच रसायनज्ञ गात्तफोसे यांच्या १९३७ मधील ग्रंथानें रूढ केलें. तेव्हांपासून त्याच्या नांवावर अनेक मोठे दावे होत आले आहेत. अमेरिकेंत अन्नावर शिंपडावयाची ‘सेन्सा’ नांवाची पूड वजन घटविते म्हणून खपत असे. या दाव्यास पुरेसा आधार नाहीं, असा आरोप तेथील केंद्रीय व्यापार आयोगानें ठेवला आणि २०१४ सालीं २ कोटी ६५ लक्ष डॉलरांवर तडजोड झाली.

सुगंधापासून मिळतो तो थोडा अवधि. चमेलीचें फूल हुंगतां हुंगतां इच्छेची पहिली लाट ओसरते. तेवढ्यांत डब्याचें झांकण लावून त्या खोलींतून निघून जाणें, हें ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें. याकरितां ताजें फूल पुरे. बाटलींत मिळणारीं सुगंधी तेलें फार तीव्र असतात. तीं पोटांत घेऊं नयेत, दुसऱ्या तेलांत मिसळल्यावांचून अंगास लावूं नयेत. कापूर व पेपरमिंट तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ नेऊं नये.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही माणसास एकाएकीं कडकडून भूक लागली, घाम फुटला, हात कांपूं लागले, तर रक्तांतील साखर घसरल्याची ती खूण असूं शकते. तो शुद्धीवर असल्यास त्यास ताबडतोब साखर द्यावी. अशा वेळीं तीच साखर औषध ठरते, आणि फूल हुंगण्यांत दवडलेलीं पांच मिनिटें जिवावर बेतूं शकतात. म्हणून भूक कोणती आणि जिव्हालौल्य कोणतें, हें आधीं ओळखावें. सुगंधाची पाळी त्यानंतरची.